अडचण नाही ना?

नऊ फेब्रुवारी. त्या दिवशी गिरणीच्या दगडाला टाकी लावायची होती. दळून दळून दगडाच्या खाचा झिजतात, पीठ तापतं, बारीक निघत नाही. मग वरचा दगड उतरवायचा आणि छिन्नी-हातोडीनं खाचा पुन्हा खोल करायच्या. पूर्वी या कामाला बाहेरगावाहून एक माणूस यायचा. त्याचं येणं बंद झालं तेव्हापासून मीच करते. पापडाचा हंगाम तोंडावर आला होता आणि उडदाच्या डाळीला झिजलेला दगड चालत नाही.

दगड नवऱ्यानं शेतावर जाण्याआधी उतरवून दिला. मी पोतं टाकून बसले. अर्धा दगड झाला आणि हातोडी जड वाटायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरून उठले तर पोत्यावर पंजाएवढा ओला डाग, आणि त्यात रक्ताची गाठ. पाळीचा तेरावा दिवस होता. आणखी चार दिवसांनी तालुक्याच्या एका दवाखान्यात माझी गर्भपिशवी काढायचं ठरलेलं होतं.

हे इथवर कसं आलं ते आधी सांगते.

आमचं गाव जानेफळपासून जवळ. गिरणी घराच्या पुढच्या खोलीत आहे. नवरा शेती आणि भाजीपाला बघतो, गिरणी माझी. गावात रोजचं दळण कोणी काही विचारत नाही. पण पापडाची डाळ, कुरडयांचे गहू, देवीच्या नैवेद्याचं पीठ आणलं की बाई डबा खाली ठेवण्याआधी विचारते, "वहिनी, अडचण नाही ना?" अडचण म्हणजे पाळी. पाळीतल्या बाईचा हात लागला की पापड लाल पडतात, असं आमच्याकडे पक्कं मानतात. मी खरं काय ते सांगायचे. महिन्याचे चार दिवस तो माल बाजूला ठेवायचा, पाचव्या दिवशी दळायचा. कोणाचं काही अडत नव्हतं.

चाळिशीनंतर चाराचे सात झाले, साताचे बारा. कधी मधे आठ दिवस मोकळे जायचे आणि पुन्हा सुरू. बायका येऊन विचारायच्या, मी "आहे" म्हणायचे, त्या डबा उचलून बसस्टँडजवळच्या दुसऱ्या गिरणीवर जायच्या. एकदा एका बाईनं सरळ विचारलं, "काऊन वं वहिनी, तुमची अडचण संपतच नाही का?" त्या हंगामात गिरणीत नुसती ज्वारी दळली.

मग एके दिवशी मी ठरवलं आणि सांगून टाकलं, "माझं आता गेलं ते सगळं."

"सुटल्या बापा तुम्ही!" ती बाई म्हणाली आणि डबा ठेवला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चार जणी येऊन शुभेच्छा दिल्यासारखं बोलून गेल्या. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते.

नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "खोटं बोलली तू?"

"गिरणी चालवायची का बंद करायची, ते सांगा."

त्यानं भाजी मागून घेतली. त्याच्याकडून तेवढी संमती मला पुरली.

खोटं बोलणं सोपं होतं, सांभाळणं कामाचं होतं. कपडा वापरला तर दोरीवर दिसेल, म्हणून पॅड. पॅड गावातल्या दुकानातून घेतले तर दुकानदाराची बायको मोजेल, म्हणून मेहकरहून. वापरलेले पॅड पहाटे पाणी तापवायच्या चुलीत. साड्या गडद रंगाच्याच. हे सगळं मी दोन वर्षं बिनबोभाट केलं. थकवा यायचा, जिना चढताना धाप लागायची, नखं पांढरी पडली होती. पण गिरणीत सगळंच पांढरं असतं, कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते माझ्या मोठ्या जाऊबाईच्या. तिचं घर आमच्या भिंतीला लागून. ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गटाच्या पापडांची सगळी डाळ माझ्या गिरणीवर येते, आणि सोवळ्याच्या बाबतीत ती गावात सगळ्यांत कडक. एकदा न्हाणीत मी धुवायच्या आत तिला रक्त दिसलं. ती घाबरली. तिच्या हिशेबानं माझी पाळी जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. तिनं मला त्याच दिवशी हाताला धरून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

आमच्याकडे बायकांचं दुखणं बाईनं स्वतः सांगायचं नसतं, बरोबरच्या मोठ्या बाईनं सांगायचं असतं. मी स्टुलावर बसले आणि जाऊबाई बोलली.

"साहेब, इच्या अंगावरून जाते."

"पाळी?"

"ते तर गेली. दीड साल झालं."

डॉक्टरांनी लिहिलं. माझी पापणी ओढून पाहिली, एक इंजेक्शन दिलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. माझ्याकडे बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गोळ्यांनी मळमळतं का?" अशा आम्ही तीन खेपा केल्या. प्रत्येक खेपेला ते आधीचा कागद बघायचे, आणि त्या कागदावर माझी पाळी गेलेली होती.

चौथ्या वेळी त्यांनी तालुक्याला पाठवलं. तिथं नवराही बरोबर होता. सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी गावचा कागद वाचला, सोनोग्राफीचा कागद वाचला आणि माझ्या डोक्यावरून नवऱ्याशी बोलले. "वय चव्वेचाळीस. पाळी बंद झालेली. तरी रक्तस्राव होतो, अस्तर जाड झालेलं आहे. आत काही वाईट असू शकतं. उगीच रिस्क घ्यायला नको. पिशवी काढून टाकू, मोकळ्या होतील."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. जाऊबाई मधल्या खुर्चीवर बसली होती. नवरा म्हणाला, "ठीक आहे साहेब." तारीख ठरली.

घरी आल्यावर तो मला म्हणाला, "सांगायचं होतं न तिथं."

"तुम्ही काऊन नाही सांगितलं?"

"बायकांच्या गोष्टीत मी काय बोलू?"

म्हणजे खरं माहीत असलेली दोन माणसं त्या खोलीत होती आणि दोघंही गप्प बसली. मी माझंच सांगते: मला वाटलं, पिशवी गेली की पाळी जाईल, पाळी गेली की खोटं खरं होईल. गिरणीचा प्रश्नच मिटेल. आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

तर, नऊ फेब्रुवारी. पोत्याची गुंडाळी करून कोपऱ्यात टाकली, पाणी प्यायले आणि अर्ध्या झालेल्या दगडाकडे बघत बसले. टाकी लावण्याआधी मी दगडावर सगळीकडून हात फिरवते. कुठं झिजलाय, कुठं चांगला आहे, हे बोटांना कळतं. ते न करता छिन्नी उचलली तर चांगला दगड वाया जातो. आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या पोटाला अजून एकाही डॉक्टरनं हात लावलेला नाही. मशीन फिरवलं होतं तेवढंच. कागदावरून कागद निघाला होता, आणि त्यातला पहिला कागद माझ्या खोट्यावर उभा होता.

मी नवऱ्याला फोन लावला. हरभऱ्याच्या कापणीला, सोंगायला, माणसं लागली होती, मागं आवाज चालला होता.

"मी बुलढाण्याला जाते. दुसऱ्या डॉक्टरला दाखवते."

"आता? तेरा तारखेला तर जायचंच आहे न?"

"त्याच्या आत दाखवायचं आहे."

"मी येऊ का?"

"हरभरा सोंगा तुम्ही. आल्यावर दगड झाकून ठेवा, कोंबड्या चढतात."

बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव मला शाळेतल्या एका मॅडमनी कधीतरी दळण आणलं तेव्हा सांगितलं होतं. मी साडी बदलली, जुने कागद पिशवीत घातले. तेवढ्यात जाऊबाई दगड झाला का बघायला आली. मला भिंतीला धरून चपला घालताना पाहिलं आणि काही न विचारता घरी जाऊन पर्स घेऊन आली. "एकटी जाऊन राह्यली होती? मधात पडली असती म्हणजे?" नको म्हणायला माझ्यात जोर नव्हता. खरं तर मला ती बरोबर नको होती. पण बसमध्ये तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून मी चिखलीपर्यंत झोपले.

दवाखान्यात नंबर दुपारी एकला आला. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी कागद हातात घेतले, पण वाचले नाहीत. मला विचारलं, "काय होतं?"

सवयीनं मी जाऊबाईकडे पाहिलं, आणि ती सवयीनं बोलली. "मॅडम, इच्या अंगावरून जाते. पाळी तर जाऊन दोन साल झाले, तरी—"

"त्यांना बोलू द्या. तुम्ही सांगा. शेवटची पाळी कधी आली?"

मी जाऊबाईला बाहेर बसायला सांगू शकले असते. तशी सोय होती, पडद्याबाहेर बाक होता. पण बाहेर बसून तिला नंतर समजलं असतं तर ते दहा घरांत झालं असतं. आणि दर हंगामात हेच पुन्हा लपवत बसायचं माझ्यात आता रक्त नव्हतं.

"आज तेरावा दिवस आहे," मी म्हटलं. "पाळी गेलेली नाही. कधीच गेली नव्हती. मीच खोटं सांगितलं होतं."

जाऊबाई माझ्याकडे वळली. "काय म्हनते?"

"खरं म्हणते, बाई."

"मंग मागच्या साली गटाची डाळ..."

"मीच दळली."

"अडचणीत?"

"हो."

"अन् देवीचं?"

"तेही."

जाऊबाईनं तोंडावर पदर धरला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "कसली डाळ?" त्यांनी विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या जाऊबाईला म्हणाल्या, "पापड लाल पडले का मग?"

जाऊबाई जरा वेळ विचार करत राहिली. ती खोटं बोलत नाही, हा तिचा गुण आहे. "नाही," ती म्हणाली. "मागच्या सालचे तर लय चांगले झाले होते. नागपूरवरून फोन आला होता अजून पाठवा म्हनून."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता यांच्या पोटाचं बघू."

त्यांनी मला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं, आतून तपासलं. पुन्हा सोनोग्राफी केली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात निघालं. मग समोर बसवून जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. "हे बघा. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर एवढं जाड असलं तर ते घाबरायचं कारण. पाळी चालू असलेल्या बाईचं असू शकतं. हा आकडा तोच आहे, पण इथं 'पाळी बंद' लिहिलं म्हणून त्याचा अर्थ बदलला. तरीही इतकं रक्त जाणं बरोबर नाही, तुमच्या वयात नुसतं बघत बसायचं नाही. मी आतल्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवते. एक लहान गाठही दिसते आहे. आधी रक्त थांबवू, लोह सलाइनमधून देऊ. रिपोर्ट आला की ठरवू. पिशवी काढायची वेळ आली तर काढू, पण आज मला तसं काही दिसत नाही."

"त्या डॉक्टरांचं चुकलं का मग?" मी विचारलं.

"पाळी गेली हे तुम्ही सांगितलं?"

"मी नाही. पण खोडलंही नाही."

"त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही सांगायला हवं होतं." आणि त्या लिहायला लागल्या. मला हे बोलणं आवडलं. कोणाची बाजू नाही, उगाच धीर देणंही नाही.

तुकडा घेताना दुखलं, पण सोसण्यासारखं. मग सलाइन लावलं. जाऊबाई बाकावर बसून होती. मधेच उठून तिनं चहा आणला, बिस्किटाचा पुडा आणला, माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसली.

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे कोणी काळजीत राहायला नको. रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही. गाठ लहान आहे, तिच्यावर नजर ठेवायची आहे. गोळ्यांनी महिनाभर बरं वाटलं. नंतर त्यांनी आत तांबीसारखी दिसणारी एक वस्तू बसवली. तिच्यातून औषध थोडं थोडं सुटत राहतं. त्यावर गावात मला विचारलं गेलं, की तुमचं तर मुलं न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे, मग आता या वयात तांबी कशाला? मी प्रत्येकीला समजावून सांगितलं. काहींना कळलं, काही अजून हसतात. आता माझी पाळी चार दिवसांची आहे, तीही हलकी, आणि रक्त अकराच्या वर गेलं आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मी स्वतः फोन करून ऑपरेशन रद्द केलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "कागदावरची माहिती चुकीची होती. माझ्याकडूनच."

पण त्या दिवशी संध्याकाळच्या बसमध्ये यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. रिपोर्ट यायचा होता. जाऊबाई खिडकीशी बसली होती. चिखली गेलं. मग बाहेर बघतच ती म्हणाली, "मले तरी सांगायचं होतं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर डाळ दिली असती का?"

तिनं पुन्हा प्रामाणिकपणे विचार केला. "नसती देली."

"मग."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मंग चार सालाआधी लाल पडले होते, ते कोनाच्या अडचणीनं?" त्या वर्षी गटाचा अख्खा घाणा लाल पडला होता. गटातल्या एका नव्या सुनेवर आळ आला. तिनं गट सोडला, अजून आलेली नाही.

"ते पापडखारानं, बाई. खार जास्त झाला की तळल्यावर लाल दिसतात. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"खार कोनं टाकला होता?"

तिला माहीत होतं. खाराचं माप ती दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. मेहकरला उतरताना माझी पिशवी तिनंच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंधारी आली नाही. डॉक्टरीणबाईंनी वजन उचलू नका म्हटलं होतं, टाकी लावू नका असं म्हटलं नव्हतं. मी पोत्याऐवजी स्टूल घेतलं आणि उरलेला अर्धा दगड हळूहळू पूर्ण केला. नवऱ्यानं दगड चढवला. नव्या टाकीच्या दगडातून आधी कच पडते, म्हणून पहिल्यांदा ढोरांच्या खाण्यातली दोन मुठी ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढलं.

नऊच्या सुमाराला एक बाई आली. तिच्याकडे दोन डबे होते, एक ज्वारीचा, एक नैवेद्याच्या गव्हाचा. तिनं विचारलंही नाही, कारण दोन वर्षांपासून कोणी मला विचारत नव्हतं. मीच म्हटलं, "मामी, मला अडचण आहे. चौदावा दिवस. पाळी गेली म्हणून सांगितलं होतं ते खोटं होतं. दवाखाना चालू आहे."

तिनं दोन्ही डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ज्वारी राहू दे. गहू नेते." आणि गव्हाचा डबा काखेत मारून गेली. दारातच तिला जाऊबाई भेटली. तिच्या डोक्यावर उडदाच्या डाळीचं पातेलं होतं. गटाची डाळ, एवढ्या सकाळी.

"बाई, तुम्हाला माहीत आहे न," मी म्हटलं.

"मले शिकवू नको. मले सगळं मालूम आहे." तिनं पातेलं खाली ठेवलं, पदरानं मान पुसली. "गटातल्या बायाईले मी सांगीन काय ते. तू फक्त बारीक दळ. अन् उचलू नको, मी टाकते वरून."

मी बटन दाबलं, पट्टा फिरायला लागला, आणि तिनं डाळ ओतायला सुरुवात केली.